एक ओंजळ जास्त

ताई मुळात एकाचीच ताई होती. तिचा धाकटा भाऊ कधीमधी कारखान्याच्या फाटकात उभा राहून "ताई, ए ताई" अशी हाक मारायचा. ती हाक आधी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं उचलली, मग टाक्यांवरच्या कामगारांनी आणि शेवटी खुद्द मालकानं. मालक तिच्यापेक्षा वयानं चांगलाच मोठा, पण त्याला हे सांगायला कोण जातं? ताईलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढ्या बाप्यांची ताई झाल्यामुळे सकाळी आल्या आल्या कुणालाही झापायची सोय झाली, असं ती म्हणायची.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. आत ओळीनं टाक्या मांडलेल्या. पहिल्या दोन-तीन टाक्यांत वस्तू धुवायची, तिच्यावरचं तेल-तूप, मळ सगळं काढायचं. शेवटच्या मोठ्या टाकीत हिरवंगार पाणी. त्यात निकेल विरघळलेलं असतं. वस्तू त्यात टांगून वीज सोडली की पाण्यातलं निकेल वस्तूवर कणाकणानं येऊन बसतं. असा साधा मुलामा कुणीही देतं. नळाच्या तोट्यांना देतात, सायकलच्या घंटीला देतात. ताईच्या टाकीतलं काम वेगळं होतं. तिच्या पाण्यात एक राखाडी भुकटी सोडलेली असायची. दिसायला रांगोळीसारखी, पण काचेवर ओरखडा काढील इतकी कठीण. टाकीच्या तळाशी नळ्या होत्या, त्यांतून हवेचे बुडबुडे सुटत आणि पाणी सारखं ढवळत राही, म्हणजे भुकटी खाली बसत नसे. निकेल बसता बसता तिचे कण आपल्यात ओढून घेई. जो थर तयार होई तो नुसत्या निकेलचा नसे आणि नुसत्या भुकटीचाही नसे, दोघांचा मिळून असे. इंजिनाच्या सिलिंडरला आतून असा थर दिला की दट्ट्या वर्षानुवर्षं वरखाली घासला तरी सिलिंडर झिजत नाही.

हे काम तिला उस्तादांनी शिकवलं. उस्ताद म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना कारागीर, तोंडाचा फटकळ, कानानं अर्धा बहिरा. त्यांनी भुकटीचं माप म्हणून एक पत्र्याचा डबा ठरवून दिला होता. पाणी किती, तर डबे किती, हे त्यांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. भुकटी कमी पडली तर थर लवकर झिजेल, हे कुणालाही कळतं. पण जास्त झाली तर काय, हे ते मुद्दाम बजावून सांगायचे. "कण फार झाले की निकेलला निकेल धरायला जागाच राहत नाही. थर कडक होतो, पण ठिसूळ होतो. मग सुटतो. कळलं का? नाहीतर नुसती मान हलवशील." ताई म्हणायची, कळलं. आणि तिला खरंच कळलं होतं. म्हणून तर पुढं जे झालं त्याचा जास्त राग येतो.

ताईनं लग्न केलं नाही. आई लवकर गेली. बाप होता, पण असून नसल्यासारखा. धाकट्याला तिनंच न्हाऊमाखू घातलं, तिनंच बदडलं आणि तिनंच रात्री पाठ थोपटून निजवलं. एक-दोन स्थळं आली. पाहुण्यांनी मोठ्या शहाजोगपणानं विचारलं, "लग्नानंतर भाऊ कुठं राहील?" तिनं सांगितलं, "तुम्ही कुठं राहता ते बघून ठरवू," आणि चहा व्हायच्या आत त्यांना वाटेला लावलं. नंतर कुणी आलं नाही आणि तिनंही वाट पाहिली नाही. पुढं निकेलची खाज तिच्या हाताला लागली. ही खाज एकदा अंगात शिरली की जात नाही. बोटांच्या बेचक्यांत फोड येत, फुटत, पुन्हा येत. घराची किल्ली, दाराची कडी, सुटे पैसे, काहीही धरलं तरी हात पेटायचे. ती सुती मोजे घालायची, त्यांवर रबरी मोजे चढवायची आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "नवरा असता तर त्यानंही एवढंच छळलं असतं."

धाकटा मोठा झाला आणि नावाडी झाला. गावाला मधून कापणारी नदी होती आणि पूल बराच लांब, वरच्या अंगाला. त्यामुळे पलीकडच्या दवाखान्यात, बाजारात, कामावर जाणारी माणसं होडीनंच जात. धाकट्याची होडी इंजिनावर चालायची. होडी जिथून पलीकडे जायची त्या जागेच्या खालच्या अंगाला बंधारा होता. बंधाऱ्यावरून पाणी पडतं त्या जागी होडी गेली तर काय होतं, हे नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून नावाडी कसा पाहिजे, तर इंजिन चोख ठेवणारा. धाकटा तसा होता. रोज सकाळी इंजिनाचा प्लग काढायचा, फडक्यानं पुसायचा, उजेडात धरून बघायचा, मगच माणसं घ्यायचा. स्वभावानं अबोल, हसला तर डोळ्यांनी हसणारा. ताईचा त्याच्यावर जीव की प्राण. तो पलीकडून परत यायला थोडा उशीर झाला तरी ती कारखान्यातून निघून थेट काठावर जाऊन उभी राहायची आणि तो आला की त्यालाच ओरडायची.

इंजिन जुनं झालं. सिलिंडर आतून झिजला आणि भरली होडी प्रवाहात रेटत न्यायला जोर कमी पडायला लागला. धाकट्यानं सिलिंडर सोडवला, फडक्यात गुंडाळला आणि ताईपुढं आणून ठेवला.

"होईल का गं?"

"होईल का म्हणे! मी काय तिथं माश्या मारते?"

तिला इतका आनंद झाला होता की तो लपवायला ती आणखीच करवादली. आयुष्यभर तिनं परक्यांच्या वस्तूंना मुलामा दिला होता. कुठल्या गाडीत गेल्या, कुठल्या गावात फिरल्या, तिला काही पत्ता नसायचा. आता पहिल्यांदा घरची वस्तू तिच्या पाण्यात उतरणार होती.

सुटीच्या दिवशीही कारखान्यात कुणीतरी यावंच लागे. हवा बंद पडली तर भुकटी तळाला बसून दगड होते, म्हणून टाक्यांवर लक्ष ठेवायला माणूस हवाच. सुटीची ही पाळी ताई आपणहून घ्यायची. मोठ्या टाकीच्या बाजूला नमुन्यासाठी एक छोटी टाकी होती. धाकट्याचा सिलिंडर तिनं त्या छोट्या टाकीत करायचं ठरवलं. मालकाला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला नसता. पण तिला ते काम कुणाच्या परवानगीनं करायचं नव्हतं, आपल्या हक्कानं करायचं होतं.

तिनं सिलिंडर धुतला, घासला, पुन्हा धुतला. लहानपणी धाकट्याचं डोकं धुतानाही तिनं एवढी मेहनत घेतली नसेल. पाणी कोमट केलं, हवा सोडली, डब्यानं मोजून भुकटी टाकली. माप पुरं झालं. हिरवं पाणी राखाडी झालं. आता सिलिंडर टांगायचा आणि वीज सोडायची, एवढंच काम उरलं होतं.

आणि तिथं तिचं मन पाघळलं. हा थर कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या गाडीसाठी नाही, आपल्या धाकट्यासाठी आहे. तो रोज बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात जातो. इतरांना जेवढी देतो तेवढीच भुकटी त्यालाही द्यायची? जेवायला बसलेल्या पोराच्या ताटात आई थोडं जास्त वाढते, मोजत नाही. ताईनं गोणीत हात घातला आणि एक ओंजळ भरून पाण्यात सोडली. उस्तादांचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण ते इतरांच्या कामासाठी होतं, घरच्या कामाला काही होत नाही, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं. माणसाचं मन एकदा असं बोलायला लागलं की त्याच्यापुढं शहाणपण चालत नाही.

थर झकास बसला. राखाडी, एकसारखा, हाताला जरा खरखरीत. तिनं तो घासाईच्या यंत्रावर गुळगुळीत करून घेतला, नखानं टोकरून पाहिला, खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला. कुठं काही खोट दिसेना.

धाकट्यानं सिलिंडर बसवला त्या दिवशी ती होडीत बसली. एरवी तिला पाण्याची भीती. काठावरून हुकूम सोडणारी बाई ती. पण त्या दिवशी पुढच्या फळीवर ऐटीत बसली आणि पलीकडे जाऊन परत येईपर्यंत इंजिनाचा आवाज ऐकत राहिली. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला तिनं सांगूनही टाकलं, "हे इंजिन आतून मी केलंय." त्या बाईला ओ की ठो कळलं नाही. तिनं आपलं बरं बरं म्हटलं. धाकटा सुकाणू धरून ताईकडे बघत होता आणि डोळ्यांनी हसत होता.

मग वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदी फुगली. होड्या बंद करण्याइतकी नाही, पण प्रवाहाला ओढ आली. एका सकाळी धाकट्याची भरली होडी नदीच्या मध्यावर होती आणि इंजिन खाडकन अडकलं. पुन्हा सुरू झालंच नाही. त्यानं वल्हं घेतलं, दोघा उतारूंनी फळ्या उचकटून त्या वल्ह्यांसारख्या मारल्या, पण ओढ जबर होती. होडी बंधाऱ्यावर आडवी झाली आणि उलटली. धाकट्यानं एकेकाला ओढून काठाला लावलं, हाताची सालटी निघाली तरी तो पुन्हा पुन्हा पाण्यात शिरला. बाकीचे वाचले. दोघं गेले. एक म्हातारा, पायाची जखम धुवायला दवाखान्यात निघालेला. आणि एक शिंपीण, शिवलेले कपडे पोचवायला निघालेली. तिचा देह दुसऱ्या दिवशी सापडला. कपड्यांचं गाठोडं तिनं दंडाला बांधलं होतं, ते तसंच होतं.

धाकट्याला पोलिसांनी नेलं. काठावरच्या माणसांनी तो जाताना त्याच्या अंगावर चिखल फेकला. कालपर्यंत ही माणसं त्याला "जरा थांब रे, आलोच" म्हणत होती. त्यांना तरी काय बोलावं? त्यांनी दोन मढी पाहिली होती.

इंजिन उघडायला पोलिसांनी घाटावरच्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री ताईला ओळखत होता, पण सिलिंडर कुणी केला ते त्याला माहीत नव्हतं. संध्याकाळी तो तिला रस्त्यात भेटला आणि हळहळत म्हणाला, "ताई, आतून खपल्या निघाल्यात हो. कुठल्या गाढवानं मुलामा दिला कोण जाणे. त्या खपल्या अडकल्या आणि दट्ट्या जाम झाला. तुमच्या भावाला कुणीतरी गंडवलं."

ताई तशीच वळली. ती घरी गेली, दार लावलं आणि मोरीत बसून तिनं हात घासले. घासून घासून फोड फुटले, रक्त आलं, तरी घासत राहिली. भुकटी कधीच धुऊन गेली होती. तिला जे धुवायचं होतं ते कसं जाणार?

सकाळी ती कोठडीवर गेली. धाकटा गजांपलीकडे भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, हातांना पट्ट्या. ताईला बघून तो उठला. तिनं इकडंतिकडं न करता सांगून टाकलं.

"माप मोडलं मी. एक ओंजळ जास्त टाकली. तुझं काम म्हणून टाकली. आता जाते आणि साहेबाला सांगते."

"ताई, नको."

"का नको? मी केलेलं तू का भोगायचं? इंजिनाची हेळसांड केलीस म्हणून आत टाकलंय तुला. हेळसांड तू केलीच नाहीस."

धाकट्यानं गजांवर हात ठेवले. मग खाली बघत म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"थर सुटतोय ते. रोज प्लग पुसताना फडक्याला कण लागायचे. चमकायचे. पहिल्यांदा वाटलं, नवं काम आहे, सुरुवातीला सुटत असेल थोडं. मग इंजिन खरखरायला लागलं."

ताईला आधी काही समजेच ना. "मग माझ्याकडे आणलं का नाहीस?"

"आणणार होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

"तू होडीत बसली होतीस ना, त्या दिवशी," धाकटा म्हणाला, "तुला मी तशी कधी बघितलीच नव्हती गं. त्या म्हातारीला सांगत होतीस, इंजिन मी केलंय म्हणून. मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो, की तुझं काम सुटतंय? म्हटलं, नदी उतरू दे. होडी बंद ठेवून गुपचूप दुसरीकडून करून घेईन. तुला कळायचंसुद्धा नाही."

ताईला त्याच्या थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटली. आणि लगेच त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. मधे गज होते म्हणून दोन्ही राहिलं. ती तिथंच फरशीवर बसली. आपल्या मायेनं थर बिघडला एवढंच तिला काल माहीत होतं. त्याच्या मायेनं तो बिघडलेला थर नदीवर चालू राहिला, हे आज कळलं. दोघांनी एकमेकांना जपलं आणि मेले कोण, तर शिंपीण आणि तो म्हातारा, ज्यांचा या बहीणभावाशी काडीचा संबंध नव्हता.

आणि तिच्या लक्षात आलं की आता गोष्ट तेवढी सरळ राहिली नाही. थर अचानक सुटला तर तो अपघात. सुटतोय हे माहीत असून होडीत माणसं बसवली, तर तो गुन्हा. धाकटा त्यातून सुटायचा नाही.

"हे कुणाला बोललास?"

"कुणी विचारलंच नाही."

"विचारलं तरी बोलायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"ताई, ती बाई माझ्या हातातून सुटली. तिचा हात धरला होता मी."

"गळ्याची शपथ म्हटलं ना!" ताई ओरडली. पहाऱ्यावरच्या शिपायानं मान वळवून पाहिलं.

ती तशीच चौकशी अधिकाऱ्याकडे गेली. खोली लहान होती, वर पंखा कुरकुरत होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर सिलिंडर ठेवला होता, उभा चिरलेला. आतला राखाडी थर जागोजाग सुटून खालचा पांढरा धातू उघडा पडला होता. भिंतीशी बाकावर एक माणूस बसला होता, मांडीवर टोपी घेऊन. तो शिंपिणीचा नवरा होता. रोज सकाळी येऊन तो त्या बाकावर बसायचा आणि त्या नावाड्याचं काय केलंत, असं विचारायचा. अधिकारी त्याला घालवून देत नव्हता.

ताईनं त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. टाकी कुठली, भुकटी कुठली, माप काय आणि आपण काय टाकलं. सुटीच्या दिवशी मालकाला न विचारता केलं, तेही सांगितलं. अधिकाऱ्यानं तिला दोनदा थांबवून विचारलं की, बाई, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना, यात तुम्हीच अडकाल. ती म्हणाली, कळतंय. तिनं सिलिंडर हातात घेऊन नखानं एक खपली उचकटून दाखवली. ती सहज निघाली. हे सगळं खरं होतं आणि ते सांगताना तिचा आवाज कुठं हलला नाही. अधिकारी मान खाली घालून लिहीत होता. त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न आलाच नाही.

तो प्रश्न बाकावरून आला.

"बाई," शिंपिणीचा नवरा उभा राहिला. "एक विचारू? हे असं सुटायला लागतं तेव्हा चालवणाऱ्याला आधी कळतं का? काही दिसतं का त्याला?"

अधिकाऱ्याचं पेन थांबलं.

ताईनं त्या माणसाकडं पाहिलं. त्याच्या सदऱ्याचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं, वेडंवाकडं लावलेलं होतं. आता घरात लावायला तोच उरला होता. त्याला खरं उत्तर मिळायला हवं होतं. त्याच्याइतका त्या उत्तरावर जगात कुणाचा हक्क नव्हता, आणि हे ताईला पुरतं कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "काही दिसत नाही. एकदम सुटतं."

"म्हणजे त्या पोराला काहीच ठाऊक नसणार?"

"काहीच नाही."

माणूस खाली बसला. टोपी तोंडावर धरून हमसून हमसून रडला. अधिकाऱ्यानं लिहिलं, खाली रेघ मारली. मग तो माणूस उठून ताईजवळ आला आणि तिचे ते फुटलेले, सोललेले हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतले.

"ताई, तुमचा राग नाही माझ्या मनात," तो म्हणाला. "तुम्ही आपणहून आलात आणि खरं सांगितलंत. नाहीतर मी त्या पोराला जन्मभर शिव्याशाप दिले असते."

ताईनं हात सोडवून घेतले नाहीत. त्यानं सोडेपर्यंत ती तशीच उभी राहिली.